तीन नंबरच्या डब्यातली ठिणगी

संपादकांनी फोनवर बजावलं आहे की नोकरीतल्या गमतीजमती लिहा, वाचकांना सणासुदीला जड काही नको असतं. ताऱ्यांच्या नोंदी वाचण्यात जिचा जन्म गेला अशा बाईकडे गमतीच असणार असं लोकांना वाटतं, त्यात त्यांचा दोष नाही. मुलुंडला आमच्या इमारतीत मी नोकरीला लागल्यापासून माझ्याकडे पत्रिका यायला लागल्या. तळमजल्यावरच्या काकू भाचीची पत्रिका घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मंगळ कडक आहे का, एवढं बघून सांग गं." मी म्हटलं, काकू, आमचा मंगळाशी संबंध नाही, आम्ही क्ष-किरण सोडणारे तारे बघतो. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मग माझ्या गुडघ्याचा फोटो तुमच्याकडे स्वस्तात निघेल का?"

झाली गंमत. आता दुसरी गोष्ट सांगते, जी मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही.

आमचं केंद्र अंधेरी पूर्वेला होतं, कारखान्यांच्या वस्तीत, एका बाजूला बिस्किटांचा वास आणि दुसऱ्या बाजूला रंगाचा. बाहेर पाटी इतकी लहान की टपालवालाही चुकायचा. मी तिथे सहायक होते, नोंदी वाचण्याच्या खोलीत. लोक हमखास विचारत, रात्री जागावं लागत असेल ना? अजिबात नाही. आमचे तारे दिवसाही दिसत, कारण ते डोळ्यांनी बघायचेच नव्हते. साडेनऊ ते साडेपाच, मध्ये डबा, आणि पवईवरून जाणारी बस.

हे तारे कसले ते थोडक्यात सांगते. आकाशात पुष्कळ तारे जोडीने राहतात, एकमेकांभोवती फिरतात. अशा काही जोड्यांत एक तारा साधा, अंगाने भरलेला असतो आणि दुसरा मेलेला. मेलेला म्हणजे विझून, दबून एखाद्या शहराएवढा उरलेला, पण वजनाला सूर्यापेक्षाही भारी. हा मेलेला जिवंताच्या अंगावरचा वायू ओढून घेत राहतो. अशी बिऱ्हाडं मी आमच्या गल्लीतही पाहिली आहेत. ओढलेला वायू थेट आत पडत नाही, भोवती गरगरत साठत जातो. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं नुसता साठतो, आणि तारा गप्प असतो. मग एक दिवस साठलेलं सगळं भसाभस आत पडायला लागतं, भयंकर तापतं आणि त्यातून क्ष-किरणांचा लोट सुटतो. आम्ही म्हणायचो, "तारा उफाळला." दोन-चार दिवसांत तो शेकडो पटींनी प्रखर होतो, काही आठवडे धुमसतो आणि पुन्हा गप्प. परत कधी उफाळेल ते कुणी सांगू शकत नाही.

हे किरण हवेत अडतात, जमिनीपर्यंत येत नाहीत, हे आपलं नशीब. म्हणून ते मोजायचे तर मोजायचं यंत्र हवेच्या वर न्यावं लागतं. त्या काळी आम्ही मोठ्या फुग्याला बांधून ते पाठवत असू. दक्षिणेतल्या एका मैदानावरून फुगा सुटायचा, काही तास वर तरंगायचा, खाली रेडिओवरून आकडे यायचे आणि एक पेन लांबच लांब कागदावर रेघ ओढत जायचं. त्या कागदाच्या गुंडाळ्या पत्र्याच्या ट्रंकेतून अंधेरीला यायच्या. रेघ वर गेली तर किरण जास्त, खाली आली तर कमी. ती रेघ वाचायची, हे माझं काम.

आणि ज्या यंत्रात ते किरण सापडायचे, तो डबा परब बनवायचे.

डबाच म्हणायचो आम्ही. ॲल्युमिनियमचा चौकोनी डबा, आत झेनॉन वायू भरलेला, आणि आरपार ताणलेल्या केसापेक्षा बारीक तारा, शेकड्याने. तारेवर विजेचा मोठा दाब. किरण आत शिरला की तारेला हलकासा धक्का बसतो, तो मोजायचा. पण तारेवर धुळीचा एक कण जरी बसला किंवा गाठीला बारीकसं टोक राहिलं, तर तिथून ठिणगी उडते आणि डबा खोटंच मोजायला लागतो. म्हणून परबांच्या खोलीत पावडर लावून जायला बंदी होती. मी एकदा विसरून गेले तर दारातच हात आडवा घालून म्हणाले, "वैद्यबाई, तोंड धुवून या. नाय तर तुमची पावडर आकाशात मोजली जायची."

परब मूळचे मालवणकडचे, राहायला विक्रोळीच्या चाळीत. वडील गिरणीत साचेखात्यात होते, तुटलेला धागा चालत्या साच्यावर सांधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणे. तोच हात मुलाकडे आला. परब तारेच्या एका टोकाला पितळेचं इवलंसं वजन टांगायचे, ती स्थिर होईपर्यंत श्वास रोखून थांबायचे आणि मग कथलाचा डाग द्यायचे. प्रत्येक तार बोटाच्या नखाने छेडून कान लावून ऐकायचे. एखादी बेसूर वाटली तर काढून टाकायचे आणि पुन्हा ओढायचे. एक डबा करायला तीन महिने लागत. आमचे प्रमुख डॉ. सबनीस वैतागायचे, "परब, आपण सतार बनवत नाही आहोत." परब म्हणायचे, "सतार सोपी सर. ती चुकली तर लोकांना कळतं तरी."

डबा रवाना व्हायच्या दिवशी ते गाऱ्हाणं घालायचे. सगळे गोल उभे राहायचे आणि परब डोळे मिटून खड्या आवाजात म्हणायचे, "बा देवा म्हाराजा! आज जो काय डबो तुझ्या लेकरांनी बनवलो हा, तो वर जाऊन सुखरूप खाली येवंदे रे म्हाराजा!" आम्ही सगळे, "व्हय म्हाराजा!" सबनीस पॅण्टच्या खिशात हात घालून, छताकडे बघत, पण म्हणायचे मात्र, "व्हय म्हाराजा."

सकाळी मी मुलुंडहून यायचे, परब विक्रोळीला त्याच बसमध्ये चढायचे. मी खिडकीशी बसून शेजारची जागा पर्स ठेवून धरायचे. पवईचा तलाव येईपर्यंत त्यांच्या गप्पा, मग ते झोपायचे. अशी सहा-सात वर्षं गेली.

आता माझ्या हुशारीबद्दल सांगते. ती मला फार होती.

फुगा वर असताना यंत्र सारखं ताऱ्याकडेच बघत नाही. काही मिनिटं तारा, मग वळून काही मिनिटं शेजारचं रिकामं आकाश, पुन्हा तारा. रिकाम्या आकाशातही थोडे किरण असतात, ते वजा करावे लागतात. यंत्र वळलं की कागदाच्या कडेला दुसरं पेन एक खूण करायचं. पूर्वी एकच माणूस गुंडाळी सलग वाचायचा. मला वाटलं, यात लबाडी होऊ शकते. आत्ता तारा आहे हे ठाऊक असलं की रेघ उगीच वर दिसते. म्हणून मी पद्धत बसवली. खुणेखुणेवर कात्रीने कागद कापायचा. ताऱ्याचे तुकडे एका पाकिटात, ते मी वाचणार. रिकाम्या आकाशाचे तुकडे दुसऱ्या पाकिटात, ते कुंदा वाचणार. कुंदा म्हणजे माझ्याच खोलीतली माझी मैत्रीण, वाकोल्याची. एकीने दुसरीचं पाकीट बघायचं नाही. सबनीसांना ही शिस्त इतकी आवडली की त्यांनी बैठकीत माझं नाव घेऊन सांगितलं. मी त्या दिवशी घरी बासुंदी केली होती.

ज्या उड्डाणाची ही गोष्ट आहे, त्यात दोन डबे गेले होते, दोन नंबर आणि तीन नंबर. वर पोचता पोचता दोन नंबरच्या झडपेतून वायू गळला आणि तो बंद करावा लागला. राहिला एकटा तीन नंबर. ज्या ताऱ्याकडे बघायचं ठरलं होतं तो वर्षानुवर्षं गप्प असलेला, कंटाळवाणा. सबनीसांनी तो यादीत भरतीला घातला होता.

ट्रंक आली, मी कापलं, वाटलं आणि वाचायला बसले. तिसऱ्या तुकड्यावर रेघ एकदम वर उठली. मग पुढच्या तुकड्यावर पुन्हा. एकूण नऊ वेळा. पण ती उठण्याची तऱ्हा मला जरा खटकली. ठिणगीची रेघ काठीसारखी असते, सरळ वर आणि सरळ खाली. ही झटकन चढत होती, पण उतरताना सावकाश, घाटासारखी उतरत होती. मी कागद घेऊन सबनीसांकडे गेले.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ठिणगी आहे."

"पण सर, उतार बघा ना."

"ठिणगी उडाली की विजेचा दाब कोसळतो. तो सावरायला वेळ लागतो. तोच उतार. हातांनी बनवलेल्या डब्यांचं हे असंच होणार, मी केव्हाचा सांगतोय. किती आहेत?"

"नऊ."

"लिहा तसं."

मी लाल पेन्सिल घेतली आणि नऊही चढांवर लिहिलं, "स्पार्क, डबा ३". माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालेलं. कुंदाला किती मिळाल्या, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. तिचं पाकीट बघायचं नाही ही माझीच शिस्त होती.

सबनीसांच्या मनात बरेच दिवस परदेशी डबे मागवायचे होते. त्यांनी अहवाल लिहिला की स्थानिक बनावटीचा डबा ठिणग्या देतो, विश्वासार्ह नाही, आणि मागे माझा नऊ ठिणग्यांचा तक्ता जोडला. खाली माझी सही. महिन्याभरात परबांकडून तारा ओढायचं काम काढून घेतलं आणि त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. स्क्रू, वॉशर, वायरची भेंडोळी मोजून द्यायची आणि रजिस्टरात लिहायचं.

ऑर्डर निघाली त्याच दिवशी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. वाचनखोलीत कार्यशाळेच्या माणसांनी यायचं नाही, असा नियम होता.

"वैद्यबाई, तो कागद जरा दाखवा मला."

"परब, तुम्हाला माहितीये ना, नोंदी बाहेर दाखवत नाहीत."

"बाहेर कुठे? मी बनवला ना तो डबा? ठिणगी येते तेव्हा एकाच तारेला येते. मला रेघ दाखवलीत तर कुठची तार ते मी सांगीन. खाली आल्यावर मी आठवडाभर तो डबा चालू ठेवून ऐकत बसलोय. एकदापण आवाज नाय आला."

"वर थंडी असते," मी म्हटलं. "हवेचा दाब वेगळा असतो." शब्द न् शब्द सबनीसांचा होता.

ते माझ्या टेबलावरच्या पाकिटाकडे बघत राहिले. पाच पावलांवर होतं. मग म्हणाले, "बरं. तुम्ही बघितलंय म्हणजे असणार."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी जागा धरली होती. ते चढले, मान हलवली आणि पुढे जाऊन उभे राहिले. नंतर मी पर्स मांडीवरच ठेवायला लागले.

आमच्याकडे परदेशी मासिकं बोटीने यायची, म्हणजे जगाला कळल्यावर सहा-आठ महिन्यांनी आम्हाला कळायचं. एका दुपारी ग्रंथालयात मी असंच एक चाळत होते आणि आमच्या त्या कंटाळवाण्या ताऱ्याचं नाव दिसलं. परदेशातल्या कुठल्याशा उपग्रहाने तो उफाळलेला पाहिला होता. तारखा वाचल्या. आमचा फुगा वर होता तो दिवस बरोबर मधोमध येत होता. खाली लिहिलं होतं की या काळात त्याच्यातून मधूनमधून उसळ्या येत होत्या, चढ झटकन आणि उतार सावकाश.

मी खोलीत आले, कपाट उघडलं आणि कुंदाला म्हटलं, "तुझं पाकीट दे."

"अगं, पण बघायचं नाही ना?"

"दे तू."

जेवणाच्या सुट्टीत नकाशांच्या खोलीत कुणी नसायचं. आम्ही दोघींनी फरशीवर बसून माझे तुकडे आणि तिचे तुकडे नंबराप्रमाणे एकापुढे एक मांडले. माझा, तिचा, माझा, तिचा. माझ्या तुकड्यांवर चढ होते, तिचे सगळे सपाट, वहीतल्या रेघेसारखे. डब्यातच दोष असता तर यंत्र रिकाम्या आकाशाकडे वळल्यावर तरी ठिणग्या का थांबाव्यात? डब्याला काय माहीत आपलं तोंड कुणीकडे आहे ते?

सातवा चढ तर मधूनच तुटला होता. माझ्या तुकड्यावर रेघ चढून अर्धी उतरली होती, तेवढ्यात यंत्र वळलं होतं, आणि त्याच जागी तिचा तुकडा थेट तळाशी, सपाट सुरू होत होता. यंत्राने नजर वळवली आणि तारा दिसेनासा झाला, इतकं ते सरळ होतं. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. फक्त कागद सलग असायला हवा होता.

कुंदाने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "अगं सुनंदा, अर्धा डोंगर कापलायस तू कात्रीने."

मग म्हणाली, "परबांची वाट लावली यार आपण."

ती 'आपण' म्हणाली, हा तिचा चांगुलपणा.

आम्ही तुकडे सेलोटेपने जोडले आणि मी ती पट्टी सबनीसांच्या टेबलावर पसरली. मासिक शेजारी उघडून ठेवलं. त्यांना समजायला एक मिनिटही लागलं नाही. हुशार माणूस होता, ते नाकारता येत नाही. बोट सातव्या चढावर ठेवून हळूच म्हणाले, "सुंदर आहे."

मला वाटलं, आता सगळं नीट होणार.

त्यांनी मासिक मिटलं. "पण आपण काय म्हणणार, वैद्य? अहवाल वर गेलाय. डबा सदोष आहे असं आपण लिहून दिलंय, त्याच्यावर परदेशी डबे मंजूर झालेत, ते बोटीवर चढलेसुद्धा. आता म्हणायचं की डबा उत्तम होता आणि आम्हाला वाचता आलं नाही? आणि तारा तर त्या लोकांनी आधीच जाहीर केलाय. आपलं ऐकणार कोण, एका डब्याच्या जोरावर?"

"आणि परब?"

"परबला स्टोअरमध्ये काय त्रास आहे? साडेपाचला घरी जातो. नाहीतर तारांत डोळे गेले असते त्याचे." मग पट्टी गुंडाळून माझ्या हातात दिली. "सही तुमची आहे त्या तक्त्यावर, लक्षात आहे ना? तुमच्या बढतीची फाइल मी परवाच वर पाठवलीये."

धमकी नव्हती ती, आवाजही चढलेला नव्हता. मी जर म्हणाले असते की फाइल परत मागवा, तर त्यांनी काय केलं असतं मला माहीत नाही, कारण मी म्हणालेच नाही. मी पट्टी घेतली आणि कपाटाच्या तळाशी ठेवली. मला बढती मिळाली. कुंदाने अभिनंदन केलं, पण पेढा घेतला नाही, घसा धरलाय म्हणाली.

परबांना तेव्हाच सांगायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. तोंडी सांगायचं, बसमध्ये, हळूच. मी रोज ठरवायचे. विक्रोळी यायचं, परब चढायचे, पाठमोरे उभे राहायचे आणि मी खिडकीबाहेर बघायचे. सांगितलं असतं तर ते सबनीसांकडे गेले असते, आणि सबनीस माझी सही दाखवून मोकळे झाले असते. शेवटी मी बस बदलली. पंधरा मिनिटं उशिराची पकडायला लागले. हजेरीपुस्तकात अधूनमधून लाल खूण पडायची, ती मला परवडत होती.

परदेशी डबे आले. गुळगुळीत, देखणे, एक डाग वाकडा नाही. त्यांना कुणी गाऱ्हाणं घातलं नाही. फुग्यातून वर गेले, चोख चालले. आम्ही मुद्दाम त्याच ताऱ्याकडे तोंड केलं होतं. तो गप्प होता. पुढच्या वर्षीही गप्प. मी तेव्हा पद्धत बदलून गुंडाळ्या सलग वाचायला लागले होते, आणि हातभर, दोन हात, दहा हात कागद नुसता सपाट जायचा. आम्ही चार वेळा त्याच्या दारात गेलो. एकदाच घरी होता, तेव्हा आम्ही त्याला ओळखलं नाही.

सत्तरचं दशक संपता संपता फुगे मागे पडले आणि अंधेरीचं केंद्र बंद करायचं ठरलं. सबनीस सन्मानाने निवृत्त होऊन मुलाकडे परदेशी गेले होते. परब त्याच वर्षी स्टोअरमधून निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला मी रजा टाकली. जुन्या गुंडाळ्या रद्दीत गेल्या, पण ती जोडलेली पट्टी मी पर्समध्ये घालून घरी आणली. दोन महिने ती माझ्या कपाटात साड्यांखाली होती. मग एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी विक्रोळीला गेले.

दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. परब बनियनवर पेपर वाचत बसले होते, मला बघून सदरा चढवायला आत गेले. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, खुर्ची पुसून दिली. त्या गोधडी शिवत होत्या. मला म्हणाल्या, "बाई, तुमी तरी तेवढा सुईत दोरा ओवून द्या. माझे डोळे गेले आणि ह्यांचा हात आता भरवशाचा नाय. सुईला हातच लावत नायत." मी सुई घेतली. चार वेळा दोरा चुकला, पाचव्यांदा गेला. हात भरवशाचा का नाही, हे मला तेव्हाही सुचलं नाही.

परब आले. मी पट्टी काढून त्यांच्या मांडीवर पसरली आणि सगळं सांगितलं. उपग्रह, तारखा, माझे तुकडे, कुंदाचे तुकडे. ते मधे बोलले नाहीत. अंगठा रेघेवरून फिरवत गेले, सातव्या चढाशी थांबले.

"हे माझ्या डब्यातलं?"

"हो."

"म्हणजे हा ताराच."

"हो, परब."

"डबा बरोबर होता."

"डबा बरोबर होता."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं झालं, खोटं नाही सांगत. म्हातारा माणूस क्षणभर त्या खोलीच्या दारात हात आडवा घालून उभा असलेला मला दिसला. मग त्यांनी वर बघितलं.

"हे तुमाला कधी कळलं?"

मी खोटं बोलू शकले असते. केंद्र बंद करताना कपाटात सापडलं म्हटलं असतं, तर त्यांनी विश्वास ठेवला असता. माझ्यावर ठेवायचेच ते.

"त्याच वर्षी," मी म्हटलं.

त्यांनी बोटांवर मोजलं नाही, काही नाही. वहिनींची सुई थांबली होती.

"त्याच वर्षी," ते म्हणाले. "वैद्यबाई, मला वाटलं तुमी रागावलात. मी तुमच्या दारात येऊन कागद मागितला म्हणून बस बदललीत, असं वाटलं." मग म्हणाले, "सबनीस काय बोलला त्याचं मला काय नव्हतं. तो सायबच. पण तुमी कागद बघितला होतात. तुमी सांगता म्हणजे ठिणगी होतीच, असं धरून चाललो मी. स्टोअरात बसून रोज तो डबा परत बनवायचो मनात. एक एक तार. कुठे चुकलंय म्हणून. इथल्याच कंपनीचा माणूस आलेला, बारीक वायरिंगचं काम होतं, चांगली जागा होती. मी सांगितलं, माझा हात गेला."

मला काहीतरी बोलायचं होतं. चूक झाली, असं काहीतरी. मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"माका ह्या तेव्हाच सांगूक होया होता," ते म्हणाले. माझ्याशी ते कधी मालवणी बोलत नसत.

त्यांनी पट्टी नीट गुंडाळली, कडा जुळवून, आणि माझ्या हातात दिली. "हे घेऊन जावा. ह्याच्यावर अक्षर तुमचं हाय."

मी उठले. वहिनींच्या हातातला दोरा संपला होता. परब त्यांच्याकडे वळले, हातातून सुई काढून घेतली, रिळाचा दोरा तोडला, उजेडाकडे न वळता, ओठाला न लावता, श्वास रोखला आणि पहिल्याच खेपेला ओवला. मग सुई बायकोच्या तळहातावर ठेवली आणि पुन्हा पेपर उचलला.

वहिनी सुईकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग इतकी वर्षं ह्ये असे का बसले हो, बाई?"

उत्तर मला येत होतं. मी चपला घातल्या आणि जिना उतरले.